'द' नेमका कुणाला माहीत?

सगळं प्रकरण खोक्यामागे तीन रुपयांवरून सुरू झालं.

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात परचेसमध्ये काम करणाऱ्या एक बाई दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी लिहायला शिकायला येतात. मूळच्या बार्शीकडच्या. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी. कॉम., आता वय पस्तिशीच्या आसपास. वर्गात मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच म्हणते. ताईंचं इंग्रजी कच्चं आहे असं कुणी म्हणणार नाही. काळ चुकत नाहीत, शब्द बरे सुचतात, कोटेशनची तुलना करणारा तक्ता तर त्या झोपेतही करतील. धास्ती एकाच गोष्टीची, ती म्हणजे उपपदं. 'अ' घालायचा, 'द' घालायचा, की मोकळं सोडायचं.

कारखान्याला लागणारे पुठ्ठ्याचे खोके भोसरीतला एक व्हेंडर बरीच वर्षं पुरवत होता. ताईंना भोसरीतच दुसरा एक जण सापडला, खोक्यामागे तीन रुपयांनी स्वस्त. त्यांनी साहेबांना मेल केला: 'आय हॅव स्पोकन टू द व्हेंडर इन भोसरी. ही इज रेडी टू रिड्यूस थ्री रुपीज पर बॉक्स.' साहेबांनी मेल वाचला, खूश झाले आणि जुन्या व्हेंडरला फोन लावून म्हणाले, रेट कमी केलात, बरं झालं. त्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो भडकला. आपल्या पाठीमागे दुसऱ्याशी बोलणी चालली आहेत हेही त्याच फोनवर बाहेर आलं, आणि नव्या माणसाचा पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघायच्या आत जुन्याची समजूत काढण्यात ताईंचे दोन दिवस गेले.

शनिवारी ताई तो मेल छापूनच घेऊन आल्या. चूक कुठे ते त्यांना दिसत नव्हतं.

"मॅडम, तो माणूस मला माहीत होता ना! त्याचं दुकान बघून आले, कार्ड आहे माझ्याकडे. कुठलातरी माणूस नाहीये तो. विशिष्ट माणूस. मग 'द'च येणार की."

"तुम्हाला माहीत होता. साहेबांना?"

ताई गप्प बसल्या. पटल्यामुळे नव्हे. साहेबांचा इथे काय संबंध, असा चेहरा होता.

ही चूक निष्काळजीपणाची नव्हती. ताईंकडे नियम होता आणि त्यांनी तो पाळला होता. घोटाळा नियमातच होता. मी घरी त्यांची वही काढून मागच्या काही महिन्यांतली वाक्यं वाचत बसले. 'द'च्या चुका सगळीकडे सांडलेल्या असतील अशी माझी अपेक्षा होती, पण तसं नव्हतं. 'आय नीड अ पेन', 'वी शुड हायर अ ड्रायव्हर' अशा ठिकाणी ताई जवळपास कधीच चुकत नव्हत्या. 'क्लोज द डोअर', 'द मॅनेजर इज ऑन लीव्ह' हेही ठीक. चुका दोन कोपऱ्यांत गोळा झाल्या होत्या. पहिल्या कोपऱ्यात 'यस्टरडे आय मेट द ओल्ड फ्रेंड, शी वॉज विथ मी इन हॉस्टेल' अशी वाक्यं होती. दुसऱ्यात 'आय वॉन्ट टु टॉक टु अ ओनर ऑफ धिस शॉप' अशी. ज्या दुकानाबद्दल त्या लिहीत होत्या त्याला मालक एकच होता, पण तो कोण हे ताईंना माहीत नव्हतं.

चुका अशा कोपरे धरून बसल्या की त्यांना चुका म्हणवत नाही. शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनातल्या व्याकरणाचा पुरावा असतो, हे भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967मध्ये मांडलं. लॅरी सेलिंकर यांनी 1972मध्ये त्या मधल्या अवस्थेला स्वतंत्र भाषेचा दर्जा दिला: धड पहिली भाषा नाही, धड दुसरी नाही, पण स्वतःचे नियम असलेली. ताईंच्या वहीत ती मधली भाषा होती आणि तिच्यात 'द' या शब्दाला नेमका अर्थ होता. तो इंग्रजीतला अर्थ नव्हता, इतकंच.

मग कुठला होता?

याचं उत्तर मला 2004मधल्या एका शोधनिबंधात मिळालं. तानिया इओनिन, हीजाँग को आणि केनेथ वेक्सलर यांचं काम. त्यांनी इंग्रजी शिकणारे 30 रशियन भाषक आणि 40 कोरियन भाषक घेतले. दोन्ही भाषांत मराठीसारखीच उपपदं नाहीत. त्यांना छोटे संवाद दिले, त्यात एक जागा मोकळी, आणि 'अ', 'द' किंवा काहीच नाही यातलं एक निवडायचं. एका संवादात बॉस्टनच्या रस्त्यात दोन ओळखीचे भेटतात. त्यातला एक सांगतो, मी आठवडाभरासाठी आलोय, कॉलेजच्या मित्राला भेटायला. मग त्या मित्राचं नाव सांगतो, तो आता केंब्रिजमध्ये राहतो हेही सांगतो. इथे इंग्रजीला 'अ फ्रेंड'च हवं. बोलणाऱ्याच्या डोक्यात मित्र अगदी ठरलेला आहे, पण ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. दुसऱ्या एका संवादात एक जण सांगतो, तो फोनवर आहे, आपल्या कंपनीच्या मालकाशी बोलतोय. तो मालक कोण ते मला माहीत नाही. इथे 'द ओनर'. मालक कोण हे ठाऊक नसलं तरी कंपनीला मालक एकच, हे दोघांनाही मान्य आहे.

म्हणजे अर्थाचे दोन वेगळे धागे आहेत. पहिला निश्चितता: बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही 'असा एकच आहे' हे गृहीत धरता येतं का? दुसरा विशिष्टता: बोलणाऱ्याच्या मनात ठरावीक माणूस आहे का, आणि त्याच्याबद्दल काही सांगण्याजोगं त्याला सांगायचं आहे का? दोन धागे एकमेकांना छेदले की चार घरं होतात. इंग्रजीतली उपपदं फक्त पहिला धागा बघतात, दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आकडे बघण्यासारखे आहेत. निश्चित आणि विशिष्ट या सरळ घरात रशियन भाषकांनी 79 टक्के वेळा 'द' घातला, कोरियन भाषकांनी 88 टक्के. अनिश्चित आणि अविशिष्ट या दुसऱ्या सरळ घरात चुकून घातलेला 'द' रशियनांचा 7 टक्के, कोरियनांचा 4. पण कॉलेजच्या मित्राच्या घरात, म्हणजे अनिश्चित पण विशिष्ट असताना, चुकीचा 'द' 36 आणि 22 टक्क्यांवर गेला. आणि अनोळखी मालकाच्या घरात चुकीचा 'अ' 33 आणि 14 टक्के. चुका त्याच दोन कोपऱ्यांत. ताईंची वही मी शेजारी ठेवली होती. ती बघून मला हसूच आलं, कारण बार्शीच्या वहीत आणि रशियन भाषकांच्या उत्तरपत्रिकांत एकच गणित चाललं होतं.

संशोधकांचं म्हणणं असं: उपपदांचा अर्थ जगातल्या भाषा दोन तऱ्हांनी लावू शकतात. इंग्रजी निश्चितता धरते. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या सामोअन भाषेत, तिच्या प्रचलित वर्णनानुसार, 'ले' आणि 'से' ही उपपदं विशिष्टता धरून चालतात. ज्याच्या पहिल्या भाषेत उपपदंच नाहीत त्याला यातली आपली तऱ्हा कुठली हे ठाऊक नसतं, म्हणून तो दोन्हींमध्ये हिंदकळत राहतो. कधी इंग्रजीसारखा 'द' लावतो, कधी सामोअनसारखा. अंदाधुंद मात्र लावत नाही. याला बळ देणारी गोष्ट 2008मध्ये आली: ज्यांच्या भाषेत इंग्रजीसारखी निश्चित-अनिश्चित उपपदं आधीपासून आहेत, त्या स्पॅनिश भाषकांमध्ये हे हिंदकळणं दिसलं नाही. त्यांनी आपला अर्थ घरून आणला.

इथवर मी मान डोलावत वाचत होते. मग मराठी आडवी आली.

मराठीत उपपदं नाहीत हे खरं. पण विशिष्टता नाही असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. 'एखादा चांगला प्लंबर असेल तर सांगा' आणि 'एक प्लंबर आहे, हडपसरला राहतो'. पहिल्या वाक्यात 'एखादा'च्या जागी 'एक' चालवून घेता येईल, पण दुसऱ्यात 'एखादा' घालून बघा. 'एखादा प्लंबर आहे, हडपसरला राहतो' हे वाक्य कुठलाही मराठी माणूस तोंडातून काढणार नाही. 'एखादा' म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात कुणी ठरलेला नाही. 'एक' म्हणजे बहुधा ठरलेला आहे, फक्त तुम्हाला अजून सांगितलेला नाही. तोच प्रकार 'ला'चा. 'आम्ही मुलगी बघतोय' म्हणजे घरात लग्नाचा मुलगा आहे आणि स्थळं शोधणं चालू आहे. 'आम्ही मुलीला बघतोय' म्हटलं की एक ठरावीक मुलगी समोर उभी राहते, आणि वाक्यातून लग्न जवळजवळ गायब होतं. 'मोलकरीण शोधतेय' म्हणणारीला कामाला बाई हवी आहे. 'मोलकरणीला शोधतेय' म्हणणारीची बाई गच्चीवर गेलीय आणि दूध उतू चाललंय.

म्हणजे ताईंची पहिली भाषा या बाबतीत कोरी पाटी नाही. निश्चिततेसाठी तिच्यात वेगळा शब्द नाही, पण विशिष्टतेसाठी दोन-तीन हत्यारं रोज हातात आहेत. मग ताईंचा 'द व्हेंडर' म्हणजे सामोअनच्या दिशेने हिंदकळणं म्हणायचं, की सरळ 'एका व्हेंडरशी बोलले'मधल्या ठरलेपणाचं भाषांतर? मला दुसरं जास्त पटतं. अर्थात हाच प्रश्न रशियनबद्दलही विचारता येतो. तिथेही 'एक' या अर्थाचा 'अदीन' हा शब्द बोलणाऱ्याच्या मनात ठरलेल्या माणसासाठी वापरतात. एका वहीवरून याचा निकाल लागणार नाही. पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. चूक पहिल्या भाषेतून येत असेल तर ती पहिल्या भाषेच्याच मदतीने उकलता येईल.

आणखी एक गुन्हेगार होता. नियम. मी स्वतः शाळेत ज्या वहीतून उपपदं शिकले तिच्यात पहिलीच ओळ होती: 'विशिष्ट व्यक्ती किंवा वस्तू असेल तर द, कोणतीही एक असेल तर अ.' ताईंच्या डोक्यात हीच ओळ शब्दशः होती. म्हणून तर त्या 'विशिष्ट माणूस' म्हणाल्या. ही ओळ इंग्रजीची नाहीच, ती विशिष्टतेची व्याख्या आहे. आपण पिढ्यानपिढ्या पोरांना सामोअन शिकवतोय आणि इंग्रजी येत नाही म्हणून रागावतोय. 2009मध्ये इओनिन आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी शिकणारी रशियन मुलं आणि मोठी माणसं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा मुलं मित्राच्या घरात चुकली, पण अनोळखी मालकाच्या घरात नाही. तिथे फक्त मोठे चुकले. संशोधकांच्या मते ती मोठ्यांनी जाणूनबुजून लावलेल्या युक्त्यांची करणी. 'मला माहीत नाही, म्हणजे अ' ही तसलीच युक्ती, आणि ती कुणीतरी शिकवलेली किंवा स्वतः बेतलेली असते.

तत्त्वज्ञानाचा या 'द'शी जुना झगडा आहे. बर्ट्रांड रसेल यांनी 1905मध्ये त्याच्यावर एक अख्खा निबंध लिहिला. कीथ डॉनेलन यांनी 1966मध्ये स्मिथच्या खुन्याचं उदाहरण दिलं: कोर्टात बसलेल्या माणसाकडे बघून 'स्मिथचा खुनी वेडा आहे' म्हणणं वेगळं, आणि प्रेताची अवस्था बघून, खुनी कोण हे माहीत नसताना, तेच वाक्य म्हणणं वेगळं. 'द मर्डरर ऑफ स्मिथ' असं म्हटलं तर इंग्रजीत दोन्हीकडे 'द'. मराठीत दुसऱ्या वेळी आपण सहज 'ज्याने कुणी हे केलं असेल तो' असं म्हणू. ताईंच्या दुसऱ्या कोपऱ्याचं औषध मला इथे सापडलं. 'जो कोणी असेल तो' असं म्हणता येत असेल आणि असा एकच असेल, तर तो 'द'. ओळख असो वा नसो.

पहिल्या कोपऱ्याला मात्र औषध लागेना. 'समोरच्याला माहीत आहे का ते बघा' असं मी तीन शनिवार सांगत राहिले. ताई माना डोलवायच्या आणि पुढच्या मेलमध्ये पुन्हा 'द' घालायच्या. फळ्यावर चार घरं काढली, त्याचाही उपयोग नाही. उलट त्या घाबरल्या आणि एका आठवड्यात 'अ बॉस इज कॉलिंग मी', 'अ सन इज व्हेरी हॉट टुडे' असं सगळीकडे 'अ' पेरून आल्या. अशा लाटा नव्या नाहीत. थॉम ह्यूबनर यांनी हवाईमध्ये ह्मोंग ही आग्नेय आशियातली भाषा बोलणाऱ्या एका तरुणाचं इंग्रजी अनेक महिने टेपवर घेतलं होतं, 1983मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्याच्या बोलण्यात एक काळ असा आला की 'द' जवळपास प्रत्येक नामापुढे लागला, आणि मग हळूहळू ओसरला. ताईंची लाट उलट्या बाजूची होती, एवढंच.

गाठ सुटली ती माझ्या हातून नव्हे. श्रावण चालू होता, ताई मुलांना कहाण्या सांगायच्या, आणि एका शनिवारी सहज बोलता बोलता त्यांनी सुरुवात म्हणून दाखवली: "आटपाट नगर होतं. तिथे एक ब्राह्मण होता."

मी विचारलं, "ब्राह्मण तुम्हाला माहीत आहे ना? पुढे त्याचं काय होतं तेही माहीत आहे. चांगला विशिष्ट ब्राह्मण आहे. मग 'तिथे तो ब्राह्मण होता' असं का नाही सुरू केलंत?"

"असं कसं म्हणेन? मुलांना कुठे माहीत असतो तो अजून!"

एवढं बोलून त्या थांबल्या. मग वही पुढे ओढली, व्हेंडरचा तो छापील मेल काढला, 'द' वर काट मारली आणि वर 'अ' लिहिला. खाली मराठीत लिहिलं: 'एक व्हेंडर होता. साहेबांना कुठे माहीत.'

चार घरांपेक्षा एक ब्राह्मण उपयोगी पडला, हे कबूल करायला मला जरा जड जातं. पण कारण उघड आहे. कहाणी सांगताना ऐकणारा समोर मांडी घालून बसलेला असतो. मेलमध्ये तो नसतो. ऐकणाऱ्याला काय माहीत आहे याचा हिशोब ताई मराठीत आयुष्यभर बिनचूक करत आल्या आहेत. 'आम्ही जेवायला जातोय' आणि 'आपण जेवायला जातोय' यांत चुकलो तर समोरचा उपाशी तरी राहील किंवा आगंतुक तरी ठरेल, हे मराठी मूल शाळेत जायच्या आधी शिकतं. हिंदीच्या एका 'हम'वर वाढलेल्या माणसाला मराठी शिकताना तिथे घाम फुटतो. शिकवायचं होतं ते एवढंच, की हाच हिशोब इंग्रजी एका टिचभर शब्दात मांडते.

त्यानंतर आम्ही नियम टाकून दिला. पद्धत अशी ठेवली: वाक्य आधी मराठीत म्हणायचं. 'एखादा' आलं, तर 'अ'. 'एक' आलं आणि नाम पहिल्यांदाच येतंय, तरीही 'अ', मग तो माणूस सख्खा भाऊ का असेना. 'तो', 'आपला तो' किंवा 'जो कोणी असेल तो' जोडून वाक्य बिघडत नसेल, तर 'द'. ही पद्धत सगळीकडे चालत नाही. सूर्य, रेडिओ, नद्यांची नावं, 'गो टु स्कूल' यांना ती लागू नाही, ते पाठच करावं लागतं. पण व्हेंडर, मित्र आणि मालक या तिघांना ती पुरते.

ताईंचे मेल सुधारले. लिहिताना त्या थांबतात, ओठ हलतात, मग टाइप करतात. फोनवर मात्र जुना 'द' परत येतो, विशेषतः घाईत. माझा अंदाज असा की अर्थ कळणं आणि तो तोंडात बसणं यांत बरंच अंतर असतं. बोलताना कहाणीतल्या ब्राह्मणाची आठवण काढायला वेळ नसतो. मी आता फोनवरच्या 'द'साठी टोकत नाही.

दिवाळीनंतर ताईंच्या भावासाठी स्थळं बघणं सुरू झालं आणि वहीत निबंधाचा विषय आपोआप ठरला. पहिल्या आठवड्यात लिहिलं, 'वी आर लुकिंग फॉर अ गर्ल फॉर माय ब्रदर.' बरोबर. पुढच्या वेळी, 'वी हॅव सीन अ गर्ल फ्रॉम पंढरपूर.' बरोबर, आणि हेच जुन्या ताईंनी 'द' लावून लिहिलं असतं. मध्ये दोन शनिवार सुट्टी गेली. मग एका रात्री व्हॉट्सॲपवर एकच ओळ आली: 'द गर्ल सेड येस.'

मी लाल शाईच्या सवयीने उत्तर टाकलं, 'कुठली मुलगी? मला कुठे माहीत आहे?'

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'मॅडम, पंढरपूरची! तुम्हीच तपासलेली वही आहे. तुम्ही विसरलात, मी कशाला बदलू?'